न पाहिलेल्या रात्री

(मालेगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकायला थोडा अवघड वाटेल. ताऱ्यांच्या तेजाच्या नोंदींमध्ये रिकाम्या जागा राहतात. त्या मशीन लर्निंगच्या मदतीने भरता येतात का, आणि भरल्या तर त्यांच्यावर किती विसंबावं, हा तो विषय. पण मालेगाव-बागलाणच्या शेतकऱ्याला यातला अर्धा भाग आधीच ठाऊक आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

7-8 जूनला मृग लागतो. पंधरवड्याने आर्द्रा, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. ही आपली पावसाची नक्षत्रं. नक्षत्र लागतं म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात येतो. सूर्य जिथे असेल ते नक्षत्र सूर्याबरोबर उगवतं आणि सूर्याबरोबर मावळतं, त्यामुळे रात्रीच्या आकाशात ते येतच नाही. ज्या नक्षत्राचं नाव घेऊन आपण पेरणीचा दिवस ठरवतो, ते नक्षत्र त्या दिवसांत कोणालाच दिसत नसतं. आभाळ स्वच्छ असतं तरी दिसलं नसतं. सूर्याच्या वाटेवरच्या आणि तिच्या आसपासच्या प्रत्येक ताऱ्याच्या वहीत दरवर्षी काही आठवड्यांची किंवा महिन्यांची पानं अशी कोरी जातात. आज मला बोलायचं आहे ते या कोऱ्या पानांविषयी.

तेज मोजायचं कशासाठी?

आकाशातले पुष्कळ तारे एकसारख्या तेजाने तळपत नाहीत. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. ययाती तारकासमूहातला अल्गॉल दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंदावतो, कारण त्याचा जोडीदार तारा त्याच्यासमोरून जातो. वृषपर्वा समूहातला डेल्टा सेफी सुमारे 5.4 दिवसांत फुगतो आणि आकसतो. तिमिंगल समूहातला मीरा साधारण 332 दिवसांच्या फेऱ्यात कधी नुसत्या डोळ्यांना दिसतो, तर कधी पार दिसेनासा होतो. आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर तेज मांडलं की जी रेषा उमटते तिला प्रकाशवक्र म्हणतात.

या एका रेषेतून किती काय निघतं! ताऱ्याला जोडीदार आहे का, तो किती मोठा आहे, ताऱ्याच्या पोटात काय चाललं आहे, ताऱ्याभोवती ग्रह फिरतो आहे का. 1912 मध्ये हेन्रिएटा लेव्हिट यांनी लहान मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या 25 ताऱ्यांवरून दाखवून दिलं की डेल्टा सेफीच्या जातीचा तारा जितका तेजस्वी, तितका त्याचा फेरा लांब. त्यामुळे फेरा मोजला की ताऱ्याचं खरं तेज कळतं. खरं तेज कळलं की दिसणाऱ्या तेजाशी ताडून अंतर काढता येतं. दीर्घिकांची अंतरं मोजण्याची वाट या नोंदींतूनच उघडली.

म्हणून तेजाची नोंद ही खगोलशास्त्राची मूळ ठेव आहे आणि ती कधीच सलग नसते. दिवस उजाडतो, चंद्र मोठा होतो, ढग येतात. घोडेगावजवळ गिरवलीला पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची 2 मीटर व्यासाची दुर्बीण 2006 पासून आहे. सह्याद्रीत पावसाळ्याचे महिने तिच्यासाठी निरीक्षणाचे नसतात. कधी यंत्र बिघडतं आणि कधी पैसे संपतात. हार्वर्ड वेधशाळेत आकाशाच्या काचेवरच्या छायाचित्रांचा पाच लाखांहून मोठा संग्रह आहे. तो 19व्या शतकात सुरू झाला. 1950च्या दशकात खर्च वाचवण्यासाठी संचालक डोनाल्ड मेंझेल यांनी छायाचित्रं घेणं थांबवलं. पुढे कित्येक वर्षं छायाचित्रं घेतलीच गेली नाहीत. त्या कालखंडाला खगोलशास्त्रज्ञ आजही मेंझेल यांच्या नावाने ओळखतात. त्या वर्षांत आकाशात जे घडलं त्याची ती नोंद आता कोणत्याही यंत्राने परत येणार नाही.

कोरी जागा खोटं बोलायला लावते

तुम्ही म्हणाल, चार रात्री चुकल्या तर एवढं काय बिघडलं? दोन बिंदूंमध्ये रेघ ओढली की झालं. त्यात धोका कसा आहे ते एका साध्या गणिताने दाखवतो.

समजा, एक तारा बरोबर 20 तासांत एक फेरा पुरा करतो. मालेगावहून आपण तो रोज रात्री 9 वाजता पाहतो. सोमवारी 9 वाजता तो सर्वांत तेजस्वी होता. मंगळवारी 9 वाजता 24 तास झालेले असतात. एक फेरा पुरा होऊन दुसऱ्याचा पाचवा हिस्सा सरलेला असतो. बुधवारी दोन पंचमांश, गुरुवारी तीन पंचमांश, शुक्रवारी चार पंचमांश. शनिवारी 9 वाजता 120 तास होतात, म्हणजे नेमके 6 फेरे, आणि तारा पुन्हा सर्वांत तेजस्वी दिसतो. वहीत काय उमटलं? सोमवार ते शनिवार, पाच दिवसांचा सुरेख, नितळ फेरा. एकही मोजमाप चुकलेलं नाही, आणि तरीही निष्कर्ष साफ चुकीचा. 20 तासांचा तारा 5 दिवसांचा झाला.

आता हे बिंदू घेऊन कोणत्याही सॉफ्टवेअरने मधली जागा भरली, तर ते पाच दिवसांची लाट काढेल. ती लाट प्रत्येक बिंदूतून जाईल. चुकीचा मागमूसही दिसणार नाही. ही चूक पकडायची एकच रीत आहे: मधल्या वेळी कोणीतरी तारा पाहिला पाहिजे. आपल्या पश्चिमेला आठ तासांच्या अंतरावर असलेल्या वेधशाळेने तोच तारा आपल्या घड्याळाने मंगळवारी पहाटे 5 वाजता पाहिला, तर पाच दिवसांच्या हिशेबाने तो अजून जवळजवळ तेवढाच तेजस्वी असायला हवा. प्रत्यक्षात तो आपल्या फेऱ्याच्या दोन पंचमांशावर, बराच मंदावलेला सापडेल. एका निरीक्षणाने सगळा पेच सुटतो.

म्हणूनच जगभरच्या वेधशाळांनी हातात हात घेतले. सूर्याची स्पंदनं अखंड टिपण्यासाठी 1995 पासून सहा ठिकाणी एकसारखी यंत्रं काम करू लागली आणि त्यांतलं एक आपल्या उदयपूरला आहे. लडाखमध्ये हान्लेला, साडेचार हजार मीटर उंचीवर, भारतीय ताराभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी 2018 पासून 70 सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण चालवली आहे. अचानक उजळणाऱ्या गोष्टींचा माग एका देशात सूर्य उगवला तरी दुसऱ्या देशातून चालू राहावा, यासाठीच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याचा ती एक भाग आहे. रिकामी जागा भरण्याचा सर्वांत खरा मार्ग हाच: आणखी एक निरीक्षक.

यंत्र जागा कशी भरतं?

पण निरीक्षक सगळीकडे आणि सदासर्वकाळ मिळत नाही. तेव्हा गणित पुढे येतं.

पहिली पद्धत गॉशियन प्रोसेसची. तिचं एक मूळ खाणकामात आहे. दक्षिण आफ्रिकेतले खाण अभियंते डॅनी क्रिगे यांनी 1951 मध्ये, जिथे जिथे भोक पाडून नमुने काढले त्यांवरून मधल्या जमिनीत धातू किती असेल याचा अंदाज बांधण्याची रीत मांडली. ताऱ्यांच्या बाबतीत विचार असा: वेळेने जवळ असलेल्या दोन मोजमापांत तेज साधारण सारखं असेल, आणि वेळ लांबत जाईल तसा हा संबंध सैल होत जाईल. तो किती वेगाने सैल होतो हे यंत्र उपलब्ध बिंदूंवरून शिकतं. मग ते एक रेघ काढून थांबत नाही, तर शक्य असलेल्या असंख्य रेघांचा पट्टा देतं. जिथे मोजमाप आहे तिथे पट्टा चिंचोळा असतो. रिकाम्या जागेत तो फुगत जातो. यंत्र इथे प्रामाणिकपणे सांगत असतं की, ‘या जागेविषयी मला इतकंच कळतं.’ या पद्धतीचा खरा ऐवज तो पट्टाच आहे.

दुसरी पद्धत कृत्रिम मज्जाजालांची. हजारो, लाखो ताऱ्यांचे बऱ्यापैकी भरलेले प्रकाशवक्र घ्यायचे, त्यांतले काही तुकडे मुद्दाम झाकायचे आणि यंत्राला विचारायचं, इथे काय असेल? उत्तर खऱ्या मोजमापाशी ताडायचं, चूक किती ते यंत्राला कळवायचं आणि आतले आकडे थोडे बदलायचे. हेच पुन्हा पुन्हा, लाखो वेळा. हळूहळू यंत्राला अल्गॉलसारखे खळगे, मीरासारखे डोंगर आणि स्फोटक ताऱ्यांचे कडे ओळखता येतात. एखाद्या ताऱ्याचे थोडेच बिंदू मिळाले तरी ‘हा कोणत्या जातीचा असावा’ हे ताडून ते मधली जागा भरतं. काम अचाट वेगाने होतं, आणि सर्वसाधारण ताऱ्यांच्या बाबतीत पुष्कळदा चांगलं होतं.

इथे पारख करणाऱ्याने दोन गोष्टी पाहायच्या. पहिली ही की, परीक्षा कशी घेतली? इकडचा एक, तिकडचा एक असे सुटे बिंदू झाकले तर यंत्र सहज उत्तीर्ण होतं, कारण शेजारचे बिंदू उत्तर सांगून टाकतात. निसर्ग मात्र सलग पानं झाकतो: सगळा पावसाळा, सगळा उन्हाळा. म्हणून परीक्षाही तशीच, सलग महिने झाकून घ्यायला हवी. दुसरी गोष्ट, जागा रिकामी का राहिली? ढग आले म्हणून राहिली, तर त्याचा ताऱ्याशी संबंध नाही. पण तारा इतका मंदावला की कॅमेऱ्याला दिसलाच नाही म्हणून राहिली, तर ती रिकामी जागा हीच मोठी बातमी आहे. या दोन कोऱ्या जागा सारख्याच मानणारं यंत्र, तारा सर्वांत मंद असतानाचे दिवस सरासरी तेजाने भरून टाकेल आणि घटनाच पुसून टाकेल.

आर्द्रेचा उन्हाळा

आता एक खरी घटना. मृगाच्या चौकोनातला तांबूस तारा काक्षी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्यालाच आर्द्रेचा तारा मानतात. इंग्रजीत त्याला बीटलज्यूज म्हणतात. ताऱ्याचं तेज प्रतीत मोजतात. प्रत जितकी लहान तितका तारा तेजस्वी. काक्षीची प्रत एरवी 0.5च्या आसपास असते. 2019च्या अखेरीस तो मंदावू लागला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये 1.6पर्यंत उतरला. नेहमीच्या तेजाच्या जेमतेम एक तृतीयांशाहून थोडं अधिक तेज उरलं. त्याच चौकोनातल्या बेलाट्रिक्स ताऱ्याशी त्याची बरोबरी झाली. ज्याने रोजचं आकाश पाहिलं होतं त्याला नुसत्या डोळ्यांनी फरक कळत होता. पुढे अभ्यासाअंती असं चित्र उभं राहिलं की ताऱ्याने आपल्या पृष्ठभागाचा मोठा लोट बाहेर फेकला, तो थंड होऊन त्याची धूळ झाली आणि त्या धुळीने आपल्या बाजूचा प्रकाश अडवला.

एप्रिलपर्यंत तारा सावरला. मे आला आणि सूर्य त्याच्या दिशेने सरकला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, आपल्याकडे आर्द्रा लागते त्याच सुमारास, सूर्य काक्षीच्या सर्वांत जवळ होता. पृथ्वीवरून नेहमीचं निरीक्षण बंद. या काळाची कोरी जागा कोणी यंत्राकडे भरायला दिली असती, तर त्याने काय केलं असतं? काक्षीच्या तेजाला सुमारे 400 दिवसांची लय आहे. जवळजवळ दोनशे वर्षांच्या निरीक्षणांत ती ओळखता येते. त्या लयीने पाहता पुढचा खळगा फेब्रुवारी 2020 नंतर वर्षभराने यायला हवा होता. यंत्राने त्या उन्हाळ्यात तारा बऱ्यापैकी उजळ दाखवला असता.

सुदैवाने सूर्याचा अभ्यास करणारं स्टीरिओ-ए हे यान आपल्यापेक्षा वेगळ्या कोनातून आकाश पाहत होतं. त्याच्यासाठी काक्षी सूर्याच्या तेजात बुडालेला नव्हता. आंद्रेया ड्युप्री आणि सहकाऱ्यांनी त्याच्या कॅमेऱ्याकडून काक्षीचं तेज मोजून घेतलं. मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत काक्षी पुन्हा मंदावला होता, जवळपास अर्ध्या प्रतीने, म्हणजे सुमारे एक तृतीयांश तेज कमी. कोणाच्याही गणितात हा खळगा नव्हता. 2022 मध्ये ड्युप्री यांच्याच गटाने मांडलं की त्या मोठ्या लोटानंतर 400 दिवसांची ती जुनी लय, निदान काही काळापुरती, हरवली आहे.

हा माझ्या सगळ्या बोलण्याचा गाभा आहे. यंत्र भूतकाळ शिकतं. ज्या दिवसांत तारा भूतकाळापासून फारकत घेतो, नेमक्या त्या दिवसांविषयी ते ठामपणे चुकतं, आणि विज्ञानाला सर्वांत जास्त कुतूहल त्याच दिवसांचं असतं.

पुष्य नक्षत्रातला पडताळा

मग रिकाम्या जागेविषयी काही बोलूच नये का? बोलावं, पण पडताळता येईल असं बोलावं. त्याचं उत्तम उदाहरण मुंबईतून आलं आहे.

कर्क राशीत, पुष्य नक्षत्राच्या परिसरात, ओजे 287 नावाची एक वस्तू आहे. सुमारे साडेतीन अब्ज प्रकाशवर्षं दूर असलेल्या दीर्घिकेचं ते धगधगतं केंद्र. 19व्या शतकाच्या अखेरीपासूनच्या जुन्या छायाचित्रांत ती योगायोगाने टिपली गेली होती. तिच्याकडे बघण्याचा कोणाचा हेतूही नव्हता. या विखुरलेल्या बिंदूंतून साधारण 12 वर्षांच्या फेऱ्याने येणारे भडके दिसतात. त्यावरून एक कल्पना मांडली गेली: तिथे एक महाप्रचंड कृष्णविवर आहे आणि दुसरं लहान कृष्णविवर त्याच्याभोवती फिरताना त्याच्या वायूच्या चकतीला भेदून जातं. प्रत्येक भेदाला एक भडका.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले लंकेश्वर डे आणि अचमवीडू गोपकुमार, फिनलंडचे मौरी वाल्टोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्ताने ही कक्षा बारकाईने काढली आणि सांगितलं की पुढचा भडका 31 जुलै 2019ला येईल. तारीख पाहा. सूर्य पुष्यातच होता. पृथ्वीवरून ओजे 287 दिसण्याची शक्यताच नव्हती. पण स्पिट्झर ही अवकाश दुर्बीण पृथ्वीच्या मागे बरीच दूर गेली होती. तिला तो भाग दिसत होता. तिने पाहिलं, आणि भडका सांगितलेल्या वेळेच्या चार तासांच्या आत आला. पुढे सहाच महिन्यांत, जानेवारी 2020 मध्ये, स्पिट्झरचं काम कायमचं थांबवण्यात आलं.

इथे कोऱ्या पानावर आधी अंदाज लिहिला, त्यामागचं कारण लिहिलं, तारीख-वेळ लिहिली आणि मग निरीक्षण झालं. गोष्ट इथेच संपत नाही, आणि न संपणं हेच तिचं मोल आहे. याच चित्रावर आधारलेला पुढचा एक भडका ऑक्टोबर 2022 मध्ये अपेक्षित होता. तो दिसला नाही. स्टेफनी कोमोसा यांच्या गटाने मोठ्या कृष्णविवराचं वस्तुमान मानलं गेलं त्याहून फार कमी असावं, असं मत मांडलं. वाद चालू आहे. अंदाज उघड लिहिला होता म्हणूनच तो वाद होऊ शकतो.

न भरता शिकणं

याहून वेगळी वाट आशिष महाबळ यांनी दाखवली. पुण्याच्या आयुकात घडलेले हे मराठी शास्त्रज्ञ अमेरिकेत कॅलटेकमध्ये काम करतात. 2017 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक साधी, सुंदर युक्ती वापरली. ताऱ्याच्या नोंदीतल्या प्रत्येक दोन बिंदूंची जोडी घ्यायची आणि दोनच गोष्टी मोजायच्या: मधला वेळ किती आणि तेजातला फरक किती. 60 बिंदू असतील तर अशा 1,770 जोड्या होतात. या जोड्या एका चौकटीत मांडल्या की ताऱ्याचं एक चित्र तयार होतं. चित्र ओळखायला शिकवलेलं यंत्र ते चित्र पाहून ताऱ्याची जात सांगतं. इथे रिकाम्या जागेत एकही काल्पनिक आकडा घालावा लागत नाही. नोंद जशी तुटक आहे तशीच स्वीकारायची, आणि जे खरोखर पाहिलं त्यातूनच शिकायचं.

2018 मध्ये चिलीतल्या रुबिन वेधशाळेच्या तयारीसाठी प्रकाशवक्रांवरून वस्तू ओळखण्याची एक खुली स्पर्धा जगभर झाली. ती जिंकणारे काइल बून यांनी मात्र जागा भरणारी गॉशियन प्रोसेसच वापरली. शिकवण्यासाठी मिळालेले प्रकाशवक्र जवळच्या, तेजस्वी वस्तूंचे होते. ओळखायच्या होत्या त्या दूरच्या आणि मंद. तेव्हा त्यांनी शिकवण्याच्या नोंदी मुद्दाम दूर नेल्या, मंद केल्या, विरळ केल्या आणि मग यंत्राला दिल्या. पुढे जे तुटक, अपुरं येणार आहे त्याची सवय यंत्राला आधीच लावली.

ही कामं निकडीची आहेत. मूळचे कुरुंदवाडचे श्रीनिवास कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्नियात पालोमारला उभा राहिलेला झ्विकी सर्वेक्षणाचा कॅमेरा एका छायाचित्रात 47 चौरस अंश आकाश टिपतो. त्यात पौर्णिमेचे दोनशेहून अधिक चंद्र मावतील. रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं जून 2025 मध्ये जगासमोर आली. ती दहा वर्षांत आकाशाच्या एकेका जागेची सुमारे 800 छायाचित्रं घेणार आहे. दहा वर्षं म्हणजे साडेतीन हजारांहून जास्त रात्री. आणि ही 800 छायाचित्रं सहा वेगवेगळ्या रंगांच्या गाळण्यांत वाटली जाणार. जगातल्या सर्वांत समर्थ सर्वेक्षणातही न पाहिलेल्या रात्रीच जास्त असणार आहेत. तिथे यंत्राविना गत्यंतर नाही. म्हणून यंत्राला दूर ठेवा असं मी म्हणत नाही. यंत्राने भरलेल्या जागेला शिस्त हवी, एवढंच माझं मागणं आहे.

भरलं आहे ते दिसलं पाहिजे

मालेगाव हे कापडाचं गाव आहे. चांगलं रफू कोणतं, हे तुम्ही मला शिकवाल: जे दिसत नाही ते. विज्ञानातलं रफू मात्र याच्या उलट हवं. ते लांबून दिसलं पाहिजे. यंत्राने भरलेला आकडा मूळ नोंदीच्या वहीत कधीही मिसळू नये. त्याची खूण वेगळी, त्याचा रंग वेगळा, आणि त्याच्याबरोबर अनिश्चिततेचा पट्टा. कोणत्या पद्धतीने भरला, कोणत्या ताऱ्यांवर यंत्र शिकलं, कधी भरला, हेही लिहिलेलं हवं. दहा वर्षांनी कोणी विद्यार्थी ती नोंद उघडेल, तेव्हा त्याला पाहिलेलं आणि ताडलेलं वेगळं करता आलं पाहिजे. नाही तर तो ताडलेल्या आकड्यांवर नवं यंत्र शिकवेल, ते यंत्र आणखी जागा भरेल, आणि आकाशाशी त्या आकड्यांचा संबंधच तुटेल.

हे फक्त ताऱ्यांपुरतं नाही. आपल्या भागात डाळिंबाच्या बागा आहेत. हवामानावर आधारित पीकविम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर. मुसळधार पावसात किंवा वीज गेलेली असताना असं एखादं केंद्र बंद पडलं आणि ते दिवस शेजारच्या केंद्रांवरून, सरासरीवरून भरले गेले, तर ज्या दिवसाने बाग गेली तोच दिवस कागदावर साधा दिवस होऊ शकतो. नदीची पातळी, दवाखान्यातली रुग्णांची नोंद, शाळेची पटसंख्या, सगळीकडे आता रिकाम्या जागा यंत्राने भरता येतात. त्या भरल्या आहेत हे ज्याच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होतो त्याला सांगितलंच पाहिजे. शेतकऱ्याला विचारण्याचा हक्क आहे: हा आकडा मोजलेला आहे की ताडलेला? हा प्रश्न विचारायला संगणक लागत नाही. तो विचारायची सवय मात्र लागते, आणि ती सवय विज्ञान लावतं.

मालेगावातून काय करता येईल

विद्यार्थ्यांनो, आता थेट तुमच्याशी बोलतो. या कामासाठी मोठी वेधशाळा लागते असं समजू नका. जेसोरचे राधागोविंद चंद्र सरकारी खजिन्यात नोकरी करत. त्यांनी मॅट्रिकची पायरीही ओलांडली नव्हती. रूपविकारी ताऱ्यांच्या 37 हजारांहून अधिक नोंदी त्यांनी अमेरिकेतल्या निरीक्षक संघटनेकडे पाठवल्या. ती संघटना 1911 पासून अशा नोंदी जपते आहे. आज त्या कोणालाही पाहता येतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी निरीक्षकांना घडवते आहे. झ्विकी सर्वेक्षणाचे खुले प्रकाशवक्र शाळेच्या संगणकावर उतरवता येतात. ज्याला पायथॉन ही संगणकभाषा येते त्याने एखाद्या ताऱ्याचा सलग एक पावसाळा झाकून, यंत्राकडून भरून घ्यावा आणि झाकलेलं उघडून चूक मोजावी. मशीन लर्निंग शिकण्याचा याहून प्रामाणिक धडा मला माहीत नाही.

आणि ज्याच्याकडे संगणक नाही त्याने काक्षी पाहावा. डिसेंबर ते एप्रिल तो संध्याकाळच्या आकाशात असतो, आणि गिरणा-मोसमच्या काठी शहराच्या दिव्यांतूनही तो दिसतो. प्रश्वा 0.4 प्रतीचा आहे, रोहिणी 0.9च्या आसपास, पुनर्वसूतला पोलक्स 1.1, बेलाट्रिक्स 1.6. काक्षी यांतल्या कोणत्या दोघांच्या मधला वाटतो ते ठरवा आणि अंदाजे प्रत लिहा. तीन तारे क्षितिजापासून साधारण सारख्याच उंचीवर असतील अशी वेळ निवडा, कारण खाली असलेला तारा हवेमुळे मंद दिसतो. तारीख, वेळ, ठिकाण आणि आभाळाची स्थिती लिहा. एका शाळेतल्या पाच मुलांनी एकमेकांना न विचारता लिहिलं, तर तुमच्या नोंदींत किती फरक पडतो हेही कळेल, आणि तोच तुमच्या अनिश्चिततेचा पट्टा असेल.

ज्या रात्री ढग असतील त्या रात्रीच्या ओळीत ‘ढग’ लिहा. ज्या रात्री पाहायचं राहिलं, तिथे ‘पाहिलं नाही’ असं लिहा. आदल्या आणि दुसऱ्या दिवसाची सरासरी काढून ती जागा भरू नका. ती तशीच ठेवलीत तर उद्याचं कोणतंही यंत्र, कोणताही शास्त्रज्ञ तुमच्या वहीवर भरवसा ठेवू शकेल. येत्या हिवाळ्यापासून मालेगावच्या निदान एका शाळेत अशी वही सुरू व्हावी, आणि पुढच्या वर्षी याच व्याख्यानमालेत ती वही घेऊन एखाद्या विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने इथे बोलावं, अशी माझी संयोजकांना विनंती आहे.